प्रवासात मोबाइलचे नेट सांभाळताना: करबुड्याचा बोगदा, लेहचा विमानतळ आणि परदेशातला ओटीपी

मुंबईहून निघालेली कोकण रेल्वेची गाडी उक्षी मागे टाकते आणि रत्नागिरी येण्याआधी करबुड्याच्या बोगद्यात शिरते. हा बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. गाडीचा वेग ताशी ७५ किलोमीटर धरला तरी बाहेर पडायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि जोराच्या पावसात वेग ताशी ४० वर आणला की तो जवळजवळ दहा मिनिटांवर जातो. एवढ्या वेळात डब्यात काय होते ते पाहण्यासारखे असते. समोरच्या बाकावरील आजोबांच्या व्हिडिओ कॉलमधला नातू तोंड उघडे ठेवून थिजतो, आजोबा मात्र बराच वेळ ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहतात, आणि नेमके त्याच वेळी आलेल्या तिकीट तपासनिसाला तिकीट दाखवण्यासाठी कोणीतरी ईमेल उघडू पाहत असतो. त्या ईमेलवरचे चक्र फिरतच राहते.

प्रवासात अखंड रेंज मिळवणे कोणाच्याच हातात नसते. मात्र रेंज असताना ती पुरवून वापरणे, आणि ती गेल्यावर लागणाऱ्या गोष्टी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवणे, हे दोन्ही आपल्याला करता येते. खाली जे लिहिले आहे ते कोकण, घाटवाटा, वारी, लडाख आणि परदेश अशा वेगवेगळ्या प्रवासांत प्रत्यक्ष करून पाहिलेले आहे. यातील बरेचसे काम घरच्या वायफायवर, निघण्याच्या आदल्या रात्री करायचे असते.

घरून निघण्याआधी

सर्वांत आधी नकाशा उतरवून घ्यावा. फोनमधील जीपीएस उपग्रहांकडून येणारे संकेत ऐकून आपली जागा ठरवते, त्यासाठी नेट लागत नाही. नेट लागते ते त्या जागेभोवतीचे रस्ते आणि गावे पडद्यावर आणण्यासाठी. म्हणूनच रेंज गेल्यावर निळा ठिपका कोऱ्या करड्या पाटीवर एकटाच सरकताना दिसतो. गूगल मॅप्समध्ये वरच्या कोपऱ्यातील आपल्या फोटोवर बोट ठेवले की ‘ऑफलाइन मॅप्स’ असा पर्याय येतो. तेथे नकाशावर एक चौकट दिसते, ती चिमटीने लहानमोठी करून आपला भाग तिच्यात बसवावा आणि डाउनलोड करावा. कोल्हापूरहून मालवणला जायचे असेल तर केवळ मालवण उतरवून भागत नाही. घाटातील फाटे, पर्यायी रस्ते आणि परतीची वाट हे सर्व चौकटीत आले पाहिजे. एक मर्यादा लक्षात ठेवावी: असा उतरवलेला नकाशा गाडीचा रस्ता दाखवतो, पण पायी चालण्याचे मार्गदर्शन नेटशिवाय देत नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारे ऑरगॅनिक मॅप्ससारखे एखादे ॲप घेऊन ठेवावे. त्यात अनेक किल्ल्यांच्या पाऊलवाटाही दिसतात. तरी वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत असणे अधिक भरवशाचे, हे सांगायलाच हवे.

त्यानंतर कागदपत्रे पाहावीत. रेल्वेचे तिकीट, विमानाचा बोर्डिंग पास, मुक्कामाच्या जागेचे आरक्षण, विम्याचा कागद हे सर्व ईमेलमध्ये पडून राहू न देता फोनच्या साठ्यात एका फोल्डरमध्ये उतरवावे, किंवा निदान त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. रेल्वेच्या ई-तिकिटाचा एसएमएस आणि मूळ ओळखपत्र एवढ्यावर प्रवास होतो, त्यामुळे तो एसएमएस पुसू नये. डिजिलॉकरमधील लायसन्स आणि गाडीचे आरसी कायद्याने ग्राह्य आहे, पण ॲप उघडण्यासाठी नेट लागते. पोलिसाने गाडी थांबवलेली जागा नेमकी रेंज नसलेली निघाली तर मूळ कार्डच कामाला येते. चार महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत, ही जुनी सवय आजही मोडीत काढण्यासारखी नाही, कारण घरच्यांचा नंबर आता कोणालाच तोंडपाठ नसतो आणि बंद पडलेल्या फोनमधून तो काढता येत नाही.

पैशांचीही तजवीज करून निघावे. गावातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा क्यूआर कोड चिकटवलेला असतो, पण तो स्कॅन करायला आपल्याला नेट लागते आणि पैसे जमा झाल्याचे कळायला दुकानदारालाही लागते. दोघांपैकी एकाचे गेले की दोघेही एकमेकांच्या फोनकडे पाहत उभे राहतात. दोन-तीन हजार रुपये सुट्ट्या नोटांत जवळ असावेत. स्टार, ९९, हॅश हा क्रमांक फिरवून नेटशिवाय यूपीआयचा व्यवहार करता येतो. एका व्यवहाराची मर्यादा ५,००० रुपये आहे. मात्र ही सोय आपल्या सिमवर आणि आपल्या बँकेत चालते की नाही, हे घरी दहा रुपये पाठवून एकदा पाहिलेले असावे. गाडीने जाणाऱ्यांनी फास्टॅगची शिल्लकही आदल्या दिवशीच भरावी. राष्ट्रीय महामार्गावर नोव्हेंबर २०२५ पासून फास्टॅग चालला नाही आणि यूपीआयने पैसे दिले तर सव्वापट टोल द्यावा लागतो, आणि टोलनाक्यावर मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असताना रिचार्जचा ओटीपी येण्याची वाट पाहणे हा काही सुखाचा अनुभव नाही.

शेवटी फोन स्वतःहून खर्च करत असलेला डेटा थांबवावा. व्हॉट्सॲपमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणे मोबाइल डेटावर बंद करावे, फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट केवळ वायफायवर होतील असे ठेवावे. दिवसाला दीड जीबी असे पॅक असले आणि सकाळच्या शुभेच्छांच्या व्हिडिओंनी त्यातील मोठा वाटा दुपारपर्यंत खाल्ला, तर दोष कंपनीला देता येत नाही. रोजचा वाटा संपल्यावर बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. या वेगाने मजकुराचा संदेश जातो, पण कॅमेऱ्यातील तीन एमबीचा मूळ फोटो पाठवायला सहा मिनिटांहून अधिक लागतात. नवा वाटा रात्री बारानंतर मिळतो. हा हिशेब माहीत असला की कोणते काम सकाळी उरकायचे आणि कोणते रात्रीवर ढकलायचे ते ठरवता येते.

दोन सिमकार्डे, दोन कंपन्या

आजकाल बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात, पण पुष्कळ घरांत दोन्ही सिम एकाच कंपनीची असतात. गावातील एकुलता टॉवर दुसऱ्या कंपनीचा असला तर अशा दोन सिमचा मिळून उपयोग शून्य. प्रवासासाठी दुसरे सिम वेगळ्या कंपनीचे असावे, आणि ते निवडताना जाहिरातीपेक्षा जेथे उतरायचे आहे तेथील घरमालकाला फोन करून ‘तुमच्याकडे कोणाची रेंज येते?’ असे विचारावे. उत्तर बहुधा अगदी नेमके मिळते: ‘अंगणात अमुक कंपनीची येते, माडीवर दुसरीची येते, आणि विहिरीपाशी कोणाचीच नाही.’ कंपन्यांच्या संकेतस्थळांवर टूजी, फोरजी आणि फाइव्हजी कोठे पोहोचते याचे नकाशे असतात, तेही पाहावेत. मात्र डोंगराआड वसलेल्या वाडीची अडचण त्या नकाशातील रंगावरून नेहमीच कळते असे नाही. दुर्गम भागात अनेकदा बीएसएनएलच लागते, म्हणून काही भटके तिचे सिम खास त्यासाठी बाळगतात. अशा क्वचित वापराच्या सिमची मुदत निघण्यापूर्वी तपासावी, कारण बराच काळ पडून राहिलेले सिम बंद झालेले असू शकते आणि ते कळते तेव्हा आपण घाटात असतो.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे एक वेगळे मंडळ, तर उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. मुंबईचे सिम घेऊन बाहेर पडलेल्या माणसाच्या फोनवर काही वेळा रोमिंगची खूण दिसते, आणि सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर काही फोनांवर रेंज पूर्ण असूनही नेट सुरू होत नाही. देशातल्या देशात आता बहुतेक पॅकवर रोमिंगचा वेगळा आकार पडत नाही, त्यामुळे हे बटण येथे बिनधास्त चालू करावे. देशाबाहेर जाताना मात्र नेमके उलटे करायचे आहे, ते पुढे येईलच.

गाडीत आणि घाटात

रेंज कमकुवत झाली की फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी आपली शक्ती वाढवतो, आणि रेंज पूर्ण गेली की पुन्हा पुन्हा शोध घेत राहतो. कोकण रेल्वेच्या बोगद्यांच्या पट्ट्यात किंवा घाटात स्वस्थ पडलेल्या फोनची बॅटरीही त्यामुळे भराभर उतरते. तासाभराचा असा टप्पा पुढे आहे हे माहीत असेल तर फोन सरळ विमान मोडवर टाकावा. जीपीएस आणि उतरवलेला नकाशा त्यातही बहुतेक फोनवर चालू राहतो. बोगद्यातून बाहेर आल्यावर रेंजच्या काड्या दिसत असून नेट येत नसेल, तर दहा सेकंद विमान मोड चालू करून बंद करावा. फोन टॉवरशी नव्याने ओळख करून घेतो, आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

फाइव्हजी असले की रेंज सगळीकडे चांगलीच मिळते, असा पुष्कळांचा गैरसमज असतो. शहरात वेगासाठी वापरली जाणारी ३,५०० मेगाहर्ट्‌झची लहर फार दूर जात नाही आणि भिंतीतून, झाडीतून चटकन अडते, तर ७०० ते ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब पोहोचतात. प्रवासात फोन फाइव्हजी आणि फोरजी यांच्यामध्ये सतत उड्या मारू लागला की कॉल तुटतो आणि बॅटरीही जाते. डोंगराळ भागात सेटिंगमधून ‘फोरजी’ एवढेच ठेवणे अनेकदा हिताचे ठरते. वातानुकूलित डब्याच्या बंद काचा आणि लोखंडी पत्रा यांच्यामुळे आत रेंज आणखी घटते. दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभे राहिल्यास फरक पडतो, पण त्यासाठी उघड्या दारात लटकू नये, एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.

गाडी कोठे आली आहे हे नेटशिवायही कळू शकते. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप वेळापत्रक फोनमध्ये ठेवते आणि जवळच्या टॉवरच्या खुणेवरून स्थानक ओळखते, त्यामुळे कॉलपुरती रेंज असली तरी ते चालते. तेही नसेल तर १३९ हा रेल्वेचा चौकशी क्रमांक साध्या कॉलवर उपलब्ध आहे. स्थानकावर गाडी जास्त वेळ थांबत असेल तर रेलटेलचे ‘रेलवायर’ वायफाय वापरता येते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेली ही सोय आता सहा हजारांहून अधिक स्थानकांवर आहे आणि दिवसातील पहिली ३० मिनिटे ती फुकट मिळते. तिच्यात शिरण्यासाठी मोबाइलवर ओटीपी यावा लागतो, म्हणजे सिमला थोडीतरी रेंज हवीच.

काड्या पूर्ण, पण नेट नाही

आषाढी वारीत दिवेघाट चढताना किंवा वाखरीच्या रिंगणाच्या दिवशी फोनवर चारही काड्या दिसतात आणि एक फोटो जाता जात नाही. फोन बिघडला असे वाटून माणसे तो तीनतीनदा बंद करून चालू करतात. बिघाड काहीच नसतो. काड्या टॉवरचा आवाज किती मोठ्याने ऐकू येतो एवढेच सांगतात, टॉवरपुढे रांगेत किती लाख फोन उभे आहेत ते सांगत नाहीत. मोठ्या यात्रांना कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात, तरीही गर्दीच्या ऐन वेळी ते अपुरे पडतात.

अशा ठिकाणी व्हिडिओ कॉलचा नाद सोडावा आणि मजकुराचा छोटा संदेश पाठवावा. व्हॉट्सॲपवर ‘टिक’ येत नसेल तर साधा एसएमएस पाठवावा. तो आकाराने इवलासा असतो आणि वाट मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो. डोंगरात फाइव्हजी बंद ठेवावे असे वर सांगितले, गर्दीत मात्र ते चालू करून पाहावे, कारण जुन्या फोनांची सगळी झुंबड फोरजीवर असते. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर डेटा वळवून पाहणे हाही चांगला उपाय आहे. पहाटे चार ते सहा या वेळात तेच टॉवर मोकळे असतात, त्यामुळे दिवसभराचे फोटो तेव्हा पाठवावेत.

हरवलेल्या माणसाला शोधण्यासाठी लाइव्ह लोकेशनवर विसंबू नये. ते दहा मिनिटांपूर्वीची जागा दाखवते आणि तेवढ्यात पालखी पुढे सरकलेली असते. वारकऱ्यांची जुनी पद्धत यापेक्षा पक्की आहे. ‘रथामागे अमुक नंबरची दिंडी’ असा पत्ता एसएमएसमध्ये मावतो, चालणाऱ्या कोणालाही विचारता येतो, आणि तो सापडायला टॉवरची गरज नसते. चुकामूक झाल्यास संध्याकाळी मुक्कामाच्या कोणत्या राहुटीपाशी भेटायचे, तेही सकाळीच ठरवून टाकावे.

काश्मीर आणि लडाखला जाताना

हा भाग थोडा सविस्तर वाचावा, कारण येथे दरवर्षी अनेक मराठी पर्यटकांची फसगत होते. जम्मू-काश्मीर आणि लडाख या दोन केंद्रशासित प्रदेशांत देशाच्या इतर भागांतील प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालते. हा निर्बंध सुरक्षेच्या कारणासाठी आहे आणि रिचार्ज कितीही मोठा असला तरी त्यात बदल होत नाही.

मी पहिल्यांदा लेहला उतरलो तेव्हा हे ऐकले होते, पण मनावर घेतले नव्हते. फोनवर ‘नो सर्व्हिस’ अशी अक्षरे आली, मुक्कामाच्या घराचा पत्ता न उघडलेल्या ईमेलमध्ये राहिला, आणि घ्यायला येणाऱ्या गाडीचा नंबर देणारा संदेशही त्याच नेटची वाट पाहत कोठेतरी अडकला. बाहेर उभ्या असलेल्या एका लडाखी टॅक्सीवाल्याने स्वतःचा हॉटस्पॉट चालू करून दिला, पासवर्ड माझ्या तळहातावर बॉलपेनने लिहिला आणि हसून म्हणाला की असे रोज चार जण भेटतात.

यावरचे उपाय तीन आहेत. पहिला, घरातील एका तरी माणसाचा नंबर पोस्टपेड असावा. प्रीपेडचे पोस्टपेड करून घेता येते, पण ते काम निघण्याच्या आदल्या दिवशी न काढता काही आठवडे आधी करावे. पुन्हा प्रीपेडवर लगेच परतता येत नाही, हेही विचारून घ्यावे. दुसरा, तेथे पोहोचून आधारच्या आधारे स्थानिक प्रीपेड सिम घ्यावे. मुक्काम आठवड्याहून मोठा असेल तरच हा खटाटोप परवडतो. तिसरा आणि सर्वांत व्यवहार्य उपाय म्हणजे चारचौघांच्या गटात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पोस्टपेड सिम असतील असे पाहावे आणि बाकीच्यांनी त्यांच्या हॉटस्पॉटवर राहावे.

हॉटस्पॉटवर राहणाऱ्याचे व्हॉट्सॲप चालते, नकाशा चालतो, आधी नोंदवलेले यूपीआय ॲपही बहुधा पिनवर चालते. मात्र त्याचे सिम बंदच असल्याने बँकेचा ओटीपी त्याच्याकडे येत नाही. कार्डाने करायची बुकिंगे, नवे ॲप नोंदवणे, पासवर्ड बदलणे असली कामे अशा माणसाने निघण्यापूर्वीच उरकावीत, किंवा तेवढे व्यवहार पोस्टपेडवाल्याच्या कार्डावरून करावेत.

लेह शहर सोडून खार्दुंग ला ओलांडून नुब्राकडे, किंवा चांग ला ओलांडून पँगाँगकडे निघाल्यावर लांबच लांब टप्पे रेंजविना जातात. घरी ‘संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही’ असे सकाळीच कळवावे. तसे न कळवल्याने पुण्यात बसलेली आई रात्रभर जागी राहते, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून फोन आणि पॉवर बँक बाहेरच्या खिशाऐवजी जाकिटाच्या आत, अंगालगत ठेवावे. अमेरिकेतून आलेल्या नातलगांना एक गोष्ट आवर्जून सांगावी: उपग्रह फोन किंवा डोंगरात वापरायची उपग्रह संदेशयंत्रे परवान्याशिवाय भारतात आणणे आणि वापरणे बेकायदा आहे, आणि त्यापायी परदेशी पाहुण्यांना पोलीस ठाण्यात बसावे लागल्याची उदाहरणे आहेत.

संकट ओढवल्यास ११२ फिरवावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी जवळपास अन्य कोणत्याही कंपनीचा टॉवर असल्यास हा कॉल त्यावरून जाऊ शकतो.

परदेशी जाताना

येथे तीन वाटा आहेत: आपल्याच कंपनीचे आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक, त्या देशातील सिम, किंवा आधीच विकत घेतलेले प्रवासी ईसिम. आठवडाभराची सहल आणि सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर रोमिंग पॅक घ्यावे. ते महाग पडते, पण नंबर तोच राहतो आणि कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. मुलाकडे तीन महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी तेथे पोहोचल्यावर स्थानिक सिम घ्यावे. मधल्या सर्वांसाठी ईसिम सोयीचे.

ईसिम म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या चिपवर क्यूआर कोडने उतरवायचे सिम. आपला फोन ते घेतो का, हे पाहण्यासाठी डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबावे. आयएमईआय म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकासोबत ‘ईआयडी’ असा लांबलचक क्रमांक दिसला तर बहुधा सोय आहे. अमेरिकेतून नातलगाने पाठवलेला फोन एखाद्या तेथील कंपनीला जखडलेला असू शकतो, त्यात दुसऱ्या कोणाचेच सिम चालत नाही. तेही आधी तपासावे. ईसिम उतरवायला नेट लागते, त्यामुळे परक्या विमानतळावर पोहोचून ते करू म्हणणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. घरच्या वायफायवर ते उतरवून बंद ठेवावे आणि तेथे उतरल्यावर चालू करावे. क्यूआर कोडची छापील प्रत काढावी, कारण तो आपल्याच फोनच्या पडद्यावर असला तर त्याच फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन कसा करणार, हा प्रश्न उभा राहतो. एकदा उतरवलेले ईसिम पुसून टाकू नये. बहुतेक कोड पुन्हा चालत नाहीत.

बरीचशी प्रवासी ईसिम फक्त डेटा देतात, नंबर देत नाहीत. म्हणून भारतीय सिम फोनमध्येच राहू द्यावे, त्याचे डेटा रोमिंग कटाक्षाने बंद ठेवावे, आणि कॉल व एसएमएससाठी त्याचे आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी चालू करून घ्यावे. मी एकदा हे सिम काढून जपून पाकिटात ठेवले होते. झुरिकच्या स्थानकात तिकिटाचे यंत्र कार्ड मागत होते, बँक ओटीपी पाठवत होती, आणि ओटीपी ज्या सिमवर यायचा ते पाकिटाच्या कप्प्यात निवांत पडून होते. सिम बदलायची पिन हॉटेलात होती, म्हणून कानातल्या डुलाच्या काडीने ट्रे उघडावा लागला, आणि तोपर्यंत गाडी गेली. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस बहुतेक भारतीय कंपन्या फुकट देतात, पण घेतलेल्या कॉलचा आकार पडू शकतो. आपल्या सिमचा दर विचारूनच निघावे. रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढची असावी. व्हॉट्सॲप ‘नंबर बदलायचा का’ असे विचारते तेव्हा नाही म्हणावे, म्हणजे जुने सर्व गट जागच्या जागी राहतात.

पॅक घेताना देशांची यादी वाचावी. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका सदस्य देशाचे सिम दुसऱ्या सदस्य देशात जादा आकाराशिवाय चालते, पण स्वित्झर्लंड संघात नाही आणि ब्रिटनही नाही. ‘युरोप’ असे नाव असलेल्या सिममध्ये हे देश असतीलच असे नाही, आणि मराठी मंडळींच्या युरोप सहलीत तर स्वित्झर्लंड हटकून असते. दुबईत व्हॉट्सॲपचे संदेश जातात, पण व्हॉट्सॲप कॉल चालत नाहीत. घरच्यांना ते आधी सांगितले की ‘फोन का उचलत नाहीस’ हा प्रश्न टळतो.

सर्वांत मोठी बिले जहाजात आणि विमानात येतात. किनारा दूर गेला की फोन जहाजावरील उपग्रहाधारित नेटवर्क पकडतो, आणि ते सर्वसाधारण रोमिंग पॅकमध्ये बहुधा नसते. जहाज सुटल्यापासून बंदर येईपर्यंत विमान मोड चालू ठेवावा आणि हवे असल्यास जहाजाचे वायफाय वेगळे विकत घ्यावे. देशाच्या सीमेलगत हॉटेल असेल तर नेटवर्कची आपोआप निवड बंद करून आपली कंपनी हाताने निवडावी, नाहीतर फोन खिडकीपलीकडच्या देशाचा टॉवर पकडून बसतो.

हॉटस्पॉट, फुकटचे वायफाय आणि बॅटरी

लॅपटॉपला नेट द्यायचे असेल तर हॉटस्पॉटपेक्षा केबल लावून ‘यूएसबी टेदरिंग’ करावे. फोन कमी तापतो आणि लॅपटॉपवरून चार्जही होत राहतो. हॉटस्पॉटच द्यायचा झाल्यास जोडणी तुटू नये म्हणून २.४ गिगाहर्ट्‌झ ठेवावे, वेग हवा आणि यंत्रे जवळ असतील तर ५. लॅपटॉप मोबाइल डेटाला वायफाय समजून निमूटपणे एखाद-दोन जीबीचे अपडेट ओढू लागतो, म्हणून विंडोजमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजून वापरायची, अशी खूण करावी.

हॉटेलचे आणि विमानतळाचे वायफाय वापरताना नाव काउंटरवर विचारून घ्यावे, कारण तशाच नावाचा हॉटस्पॉट कोणीही उघडू शकतो. बँकेचे काम आपल्या मोबाइल डेटावर करावे. ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नये.

पॉवर बँक १०,००० एमएएच क्षमतेची असली तरी तेवढी सगळी फोनमध्ये उतरत नाही, काही भाग रूपांतरात आणि उष्णतेत जातो. साधारण फोन तिच्यावर दीड वेळा भरतो. विमानात ती हातातील सामानातच न्यावी लागते, आणि परवानगीशिवाय नेता येणारी मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची भरते, त्यामुळे ती चालते. वॉट-तासांचा आकडा तिच्यावर छापलेला आणि वाचता येण्याजोगा असावा, पुसट झालेला आकडा पाहून सुरक्षारक्षक ती काढून ठेवू शकतात. काही गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात, म्हणून झोपताना फोन लावून ठेवण्यापेक्षा जेवणाच्या वेळीच तो भरून घ्यावा, आणि सकाळी उतरायचे स्थानक येण्याआधी वाजणारा गजर दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरही लावून ठेवावा.